लेकराच्या गालावरचा लाल डाग: थांबायचं की दाखवायचं?

मी नांदेडचा, सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. बाळाच्या तोंडावर लाल, फुगीर डाग दिसला की आपल्याकडं कुणी म्हणतं ग्रहण लागलं, कुणी म्हणतं आपोआप जाईल. ग्रहणाचा काही संबंध नाही. हा हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ, कॅन्सर नव्हे. ‘आपोआप जाईल’ हे मात्र अर्धंच खरं. पहिले ५ महिने तो झपाट्यानं वाढतो, वर्षानंतर हळूहळू ओसरतो. पण डोळ्याजवळ असला तर नजर अधू होऊ शकते. तिथं वाट बघायची नाही. प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधानं तो आक्रसतो, हे २००८ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी दाखवलं. मनानं देऊ नका, बाळाची साखर उतरू शकते. विष्णुपुरीला किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात पहिल्याच महिन्यात दाखवा. आणि दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढा. वाढ किती झाली, ते डॉक्टरांना लगेच कळतं.