बेटाचे भांडवल



भाईंदरचे गोडदेव हे गाव साष्टी बेटाच्या उत्तर भागात आहे. बेटाच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र. मिठागरे, मासेमारी आणि भातशेती यांनी या परिसरास पिढ्यान्‌पिढ्या पोसले. आज गोडदेवभोवती दाट नागरी वस्ती आहे. तथापि खाडीकाठचे कांदळवन अद्याप बेटाची राखण करीत आहे. तिवरांच्या मुळांत मासळीची पिले वाढतात. भरतीच्या पाण्यास पसरावयास जागा मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाणथळ जागा बुजविल्याची किंमत याच बेटास मोजावी लागली.

राखलेले कांदळवन रोजगारही देते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने होडीतून कांदळवन-दर्शनाचा व्यवसाय उभा केला. वसईच्या खाडीतही हे साधेल. मात्र होडी व वाटाड्या स्थानिक असावेत आणि पर्यटकांची संख्या मर्यादित असावी. भरावावर उभारलेले पर्यटन स्वतःचे भांडवलच गिळते. म्हणून अधिकाऱ्यांनी भराव वेळीच रोखावा, शिक्षकांनी मुलांस तिवर ओळखावयास शिकवावे आणि किनाऱ्यावरील पंचायतींनी आपले कांदळवन गावाची ठेव म्हणून सांभाळावे.