इंग्रजीचा तास आणि स्वतःचे वाक्य

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



इंग्रजीच्या प्रश्नावर समाजवादी चळवळ नेहमीच पेचात सापडत आली आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी ‘अंग्रेजी हटाओ’ची हाक दिली, तेव्हा त्यांचा रोख इंग्रजीच्या ज्ञानावर नव्हता, कचेरी, न्यायालय आणि विधिमंडळ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या तिच्या सत्तेवर होता. ती सत्ता अद्याप ढळलेली नाही. म्हणूनच घाटाखालच्या कापूस उत्पादकाला आणि घाटावरच्या सोयाबीन पेरणाऱ्यालाही आपल्या मुलाला इंग्रजी यावी असे वाटते. ही इच्छा खोटी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न एवढाच की, इंग्रजी म्हणून त्या मुलाच्या पदरात नेमके काय पडते?

पूर्वी पाचवीपासून सुरू होणारी इंग्रजी महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच शिकविली जाते. म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्यामागे दहा वर्षांची इंग्रजी असते. तरीही पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहावयास सांगितल्या की पुष्कळांची लेखणी अडते. याचे कारण असे की, लेखन शिकविले जात नाही. ते तयार पुरविले जाते. पत्राचा नमुना फळ्यावर, निबंध मार्गदर्शकात आणि ‘अपेक्षित’ प्रश्न बाजारात! प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली, तरी कृती बहुधा उतरवून काढण्याचीच राहिली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, विद्यार्थी हा भाषेचा उत्पादक न राहता केवळ ग्राहक बनला आहे; आणि बाजाराच्या नियमाप्रमाणे ज्याच्याजवळ शिकवणीचे पैसे, त्याला चांगला माल मिळतो.

लेखनशिक्षणाचा नवा विचार या मुळावरच बोट ठेवतो. आधी बोलणे, मग टिपणे काढणे, कच्चा मसुदा करणे, तो सोबत्यांना वाचून दाखविणे आणि पुन्हा लिहिणे, हा त्याचा क्रम. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या डोंगरी खेड्यात डॉन मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तिथल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेक विचार वेगळ्या चिठ्ठीवर लिहावयाचा, चिठ्ठ्यांचे गट लावावयाचे आणि अनावश्यक शब्द गाळावयाचा, ही त्यांची रीत. नापास करून गरिबांना बाहेर काढणाऱ्या शिक्षणव्यवस्थेचा त्या मुलांनी हिशेबच मांडला. सांगण्यासारखे काही होते, म्हणून त्यांना भाषा सापडली.

त्यासाठी इटलीलाच जावयास हवे असेही नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. पुढे याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. त्यांचे शिक्षण घरीच, वडिलांकडून झाले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने स्त्रीजातीवर उडविली गेलेली राळ, यांनी त्यांची लेखणी चालविली. रोझालिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ मध्ये ते पुस्तक इंग्रजीत नेले. आशय आधी मराठीत उभा राहिला आणि इंग्रजी त्याच्या शोधात आली, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

माध्यमिक शाळेत याचा अर्थ असा: मोंढ्यात कापसाला काय भाव मिळाला, उन्हाळ्यात पाण्यासाठी कोण किती चालले, वडील हंगामी मजुरीला गेले म्हणजे घर कोण सांभाळते, हे मुलाने प्रथम आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगावे, मराठीत टिपावे आणि मग चार साध्या इंग्रजी वाक्यांत मांडावे. साठ मुलांच्या वह्या एका शिक्षकाने कशा तपासाव्यात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु प्रत्येक चूक तांबड्या शाईने रंगविण्याची गरज नाही. एका वेळी एकच दोष घ्यावा. प्रथम वाचन मुलांनीच एकमेकांचे करावे. परीक्षेचे काय, असेही विचारले जाईल. ज्याला स्वतःचे वाक्य रचता येते त्याला परीक्षेतले पत्र लिहिता येते. पाठ केलेले पत्र मात्र प्रश्न थोडा बदलला की निरुपयोगी ठरते.

यात कार्यकर्त्यांचे काम कोणते? साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविले. त्याला ना अनुदान लागले, ना परिपत्रक. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तत्पूर्वी प्रत्येक तालुक्यात किमान एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांशी बोलून मराठी-इंग्रजी भित्तिपत्रक सुरू करता येईल. कागद, खळ आणि आठवड्याचा एक तास एवढीच त्याची सामग्री. रोजगार हमीची मजुरी थकली तर तहसीलदाराला अर्ज कोण लिहून देतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. तो अर्ज मजुराच्या मुलीने मराठीत आणि इंग्रजीतही लिहावा, आणि लिहिताना तिला कोणाचा नमुना समोर ठेवावा लागू नये. भाषेच्या क्षेत्रातला समाजवाद तिथून सुरू होतो.