काळ्या पाषाणातील वायूची साठवण आणि पाण्याचा हिशेब



चोपडा तालुका सातपुडा व तापी यांच्यामध्ये वसलेला आहे. येथील गाळाच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्यापासून तो बनला. कारखान्यांच्या व वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू अशा पाषाणात साठविता येईल काय, याचा अभ्यास जगभर चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडून त्याचा वापर करण्याच्या विषयासाठी २०२२ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

यामागील तत्त्व सोपे आहे. हा वायू पाण्यात विरघळला की पाणी किंचित आम्लधर्मी होते. ते पाषाणातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह सुटे करते. त्यांच्याशी वायूचा संयोग होऊन चुनखडीसारखी खनिजे तयार होतात, म्हणजे वायूचाच दगड बनतो. आइसलँडमध्ये २०१२ साली सुमारे २३० टन वायू अशा रीतीने जमिनीत सोडण्यात आला. त्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला.

तथापि या रीतीला एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला ५ लाख युनिट वीज मिळते आणि अंदाजे ५०० टन वायू बाहेर पडतो. तो सर्व वरील रीतीने मुरवावयाचा झाल्यास तासाला सव्वा कोटी लिटर पाणी लागेल. ज्या परिसरात केळीच्या बागा विहिरी व विंधन विहिरींवर तगून आहेत, तेथे हा आकडा दृष्टिआड करता येणार नाही.

पाण्याविना, दाबाखालील वायू थेट खोल पाषाणात सोडण्याची रीतही आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०१३ साली तिचा सुमारे १,००० टन वायूवर प्रयोग झाला. मात्र तिच्यासाठी वर अभेद्य खडकाचा थर असावा लागतो.

म्हणून अशी योजना पुढे आल्यास ग्रामसभेने तीन प्रश्न विचारावेत: वायू किती खोल सोडणार? पिण्याच्या पाण्याचा थर सुरक्षित कसा राहणार? लागणारे पाणी कोठून आणणार? शिक्षकांनी या प्रश्नांमागील शास्त्र गावाला समजावून द्यावे आणि अधिकाऱ्यांनी उत्तरे लेखी मिळवावीत. वायू मुळातच कमी निर्माण व्हावा यासाठी विजेची काटकसर व सौरपंपांचा वापर हे उपाय तर आजही आपल्या हाती आहेत.