थंडीत गाडी रुसते तेव्हा

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या पट्ट्यातलं. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली उतरला, की द्राक्षमणी वाचवायला पहाटे बागाबागांतून शेकोट्या पेटतात. अशाच एका पहाटे माझ्या वडिलांना दम लागला. त्यांना नाशिकला दवाखान्यात न्यायचं होतं. आईनं त्यांना घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं. मी किल्ली फिरवली. गाडी ‘उं... उं...’ करून गप्प झाली.

घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा. आणखी एकदा. शेवटी नुसतं ‘टक’ झालं आणि डॅशबोर्डवरचे दिवेही मंदावले. या खटाटोपात वीस मिनिटं गेली. मग शेजारच्या पिकअपवाल्याला उठवलं, त्याच्या गाडीतून वडिलांना नेलं. ते बरे होऊन घरी आले. पण ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पिकअपवाल्यानं माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली होती. तो म्हणाला, “भाऊ, थंडीला बोल लावू नका. थंडी फक्त चहाडी करते. दुखणं आधीचंच आहे.”

मंडळी, त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. बॅटरीत वीज तयार होते ती रासायनिक क्रियेनं, आणि गारठ्यात ही क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशानं घटते. नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च जास्त! चांगली बॅटरी हे ओझं पेलते, थकलेली बॅटरी पेलत नाही.

म्हणून गाडी सुरू झाली नाही, तर आधी हात आवरा आणि कान द्या. सेल्फ संथपणे ‘उं... उं...’ करत असेल किंवा नुसतंच ‘टकटकटक’ ऐकू येत असेल, तर हेडलाइट लावून पाहा. उजेड मंद असेल तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल आहे. उजेड लख्ख आहे आणि एकदाच ‘टक’ होतंय, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरवर घ्यावा. सेल्फ झपाट्यानं फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल गाडीत इंधन किंवा स्पार्क पोचत नसेल. डिझेल गाडीत हीटर प्लग गेलेले असतील, किंवा आपणच घाई केली असेल. किल्ली अर्धी फिरवून, वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावं. क्लच दाबून ठेवला, तर गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचं ओझं इंजिनावर येत नाही. दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवावेत. हो, रेडिओसुद्धा, आमचं भाषण नंतर ऐका!

शेजाऱ्याच्या गाडीवरून जम्पर केबल लावायची, तर क्रम चुकवू नका. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याच्याजवळ ठिणगी नको. धक्का मारायचा तर फक्त हाताच्या गिअरच्या गाडीला, आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर. कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. आणि एक महत्त्वाचं: गाडी गरम करायला म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो.

आपल्याकडे डिझेल गोठण्याइतकी थंडी पडत नाही. लडाखमध्ये मात्र डिझेलातलं मेण घट्ट होऊन गाड्या अडतात. त्यासाठी 2019 साली इंडियन ऑइलनं उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल तिथे आणलं. आपलं काम त्यामानानं किती सोपं!

दिवाळीचा फराळ झाला, की एक सकाळ गाडीला द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसली तर निश्चिंत राहा, 12.2 दिसली तर ती निम्मी रिकामी आहे. टर्मिनल काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस. साचलेली पूड खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा.

माझ्या गाडीला त्या दिवशी एवढंच हवं होतं. दहा मिनिटांचं काम, जे मी दोन महिने ‘उद्या करू’ म्हणत राहिलो. सेल्फ जड झाल्याचं रोज सकाळी मला ऐकू येत होतं. मी ते मनावर घेतलं नाही, एवढंच.