सायखेड्याचं जेवण आणि वरून येणारं पाणी

आजचा भाग खाण्यावर आहे, पण बोलता बोलता पाण्याकडेही जाणार आहे.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर चांदोरी लागतं. तिथून उजवीकडे वळून गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा. आम्ही ऑफिसातले चौघं डिसेंबरातल्या एका रविवारी तिथे नदीकाठच्या साध्या हॉटेलात जेवायला गेलो. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर नदी. नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाहीये.

मेनूकार्डावर पनीर आणि मंचुरियन होतंच. ते कार्ड बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, "आज घरच्यासारखं काय मिळेल?" आम्हाला मिळालं ते असं: बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची शेवभाजी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. शेवभाजीत शेव जाड आणि तिखट लागते, आणि ती वाढायच्या वेळीच रश्श्यात पडली पाहिजे. आधी टाकली की लगदा. भाकरी एकेक करून तव्यावरून येते, म्हणून घाईत असाल तर जाऊ नका. आणि हा निफाड तालुका आहे, सायखेड्यातच कांद्याचा बाजार भरतो. दुसरा कांदा मागायला लाजू नका.

जेवताना एक मित्र म्हणाला, "व्ह्यू भारी आहे यार." वाढणारे काका हसले. "ऑगस्टात या, मग खरा व्ह्यू दिसेल." आणि त्यांनी शेडच्या खांबावरची मातकट रेघ दाखवली. पाणी तिथपर्यंत आलेलं. आमच्या टेबलाच्या बरंच वर!

आता थोडं समजून घेऊ. आपण नाशिककर दुतोंड्या मारुती किती बुडाला त्यावरून पूर मोजतो आणि फोटो काढून घरी येतो. गंगापूर धरणातून सोडलेलं तेच पाणी काही तासांनी सायखेडा-चांदोरीला पोचतं. वाटेत दारणेचं पाणीही त्यात मिसळतं. 2019 च्या ऑगस्टात या गावांत पाणी शिरलं होतं. पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, जिथे आपण हिवाळ्यात पक्षी बघायला जातो आणि ज्याला 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला.

यात भर म्हणजे पाणवेली. पुरात त्या वाहत येतात आणि सायखेड्याच्या पुलाला अडकतात. पाणी तुंबतं, पुलावर ताण येतो, आणि त्या काढायला यंत्रं लावावी लागतात. पाणवेली पोसते सांडपाण्यावर. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीत जातं ही काही गुपित गोष्ट नाही. म्हणजे शहरातून या गावाकडे दोन गोष्टी येतात: रविवारचं गिऱ्हाईक आणि पाणवेलीचं खाद्य. पहिल्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याचा खर्च मात्र गावाच्या गळ्यात.

आमच्या कामात एक साधा नियम आहे: वरच्या टप्प्यावरची चूक खालच्या टप्प्यावर दुरुस्त करत बसायचं नाही, ती जिथे होते तिथेच थांबवायची. नदीलाही तोच नियम लागू आहे. पूल साफ करणं लागेलच, पण नाले शहरातच अडवले पाहिजेत. 2027 च्या सिंहस्थासाठी सध्या घाटांची चर्चा जोरात आहे. त्या चर्चेत घाटाच्या खालच्या गावांचंही नाव आलं पाहिजे, आणि ते घेणं आपलं काम आहे.

तर मंडळी, सायखेड्याला जरूर जा. हिवाळ्यात जा, भूक घेऊन जा, भाकरी मागा. आणि परत आल्यावर आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आमच्या वॉर्डातला नाला नक्की कुठे जातो? काय उत्तर मिळतं ते मला कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवतो. भेटू पुन्हा.