गोंडा राहिला बघा

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन आलात ना? मग मोबाइलात फोटोही असणारच. तो काढताना काय चालतं आठवा. "आजी, जरा बाजूला व्हा. ती पिशवी उचला. पदर नीट घे गं." घरी आल्यावर पुन्हा कारभार सुरू. मागची माणसं पुसायची, आभाळ निळं करायचं, चेहरा उजळायचा.

यात पाप आहे का? मांडणीत पाप नाही हो. देवालाही आपण स्नान घालतो, गंध लावतो, अलंकार चढवतो. पूर्वी स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असायचा, मनगटावर उसनं घड्याळ असायचं. नंतर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्याही घालवायचे. हौस आहे ती, हौसेवर देव रागावत नाही. पण माउली, सजवणं वेगळं आणि पुसणं वेगळं. हे मी पोथीतून नाही, माझ्याच फजितीतून शिकलो.

बदलापूरला सप्ताह होता. फ्लेक्ससाठी उल्हासनगरला जाऊन फोटो काढला. फोटोवाल्याने माझं उपरणं सारखं केलं, दोन समया आणून ठेवल्या. मागे माझे म्हातारे टाळकरी उभे होते, तीस वर्षांची त्यांची साथ. फोटो झाल्यावर तो हळूच म्हणाला, "महाराज, एकटेच छान दिसाल. मागचे काका काढून टाकू?" मी म्हटलं, "टाका." बस, एका शब्दात तीस वर्षं पुसली.

सप्ताहाच्या दिवशी आम्ही दोघं स्टेशनातून बाहेर पडलो, तर समोरच फ्लेक्स! काका गेले होते, पण त्यांच्या टाळाच्या दोरीचा लाल गोंडा माझ्या कोपराजवळ तसाच लोंबत होता. काकांनी निरखून पाहिलं, हसले आणि म्हणाले, "महाराज, गोंडा राहिला बघा." दुसरा शब्द नाही.

रात्री कीर्तनाला ते आपल्या जागेवर उभे राहिले. त्या दिवशी माझा आवाज चढेना. चाल त्यांनीच उचलली, त्यांनीच मला वर नेलं. फ्लेक्सवर मी एकटा होतो. नारदाच्या गादीवर एकटा असतो तर तिथेच बसलो असतो. मग भर कीर्तनात चूक कबूल केली, त्यांच्या पाया पडलो. काकांनी फक्त टाळ वाजवला.

आता पुन्हा अंबरनाथला चला. ते देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. १८६८ साली सरकारने त्याची मापं, चित्रं, ठसे काढून घेतले. पण ज्यांनी तो दगड वाहिला, घडवला, ती माणसं कुठल्या फोटोत आहेत? कुठल्याच नाहीत. तरी त्यांच्यावाचून देऊळ उभं राहिलं असतं का? कित्येक मूर्ती झिजल्या, काहींचे चेहरे गेले, तरी आपण हात जोडतोच ना? आणि गाभारा तर खाली आहे, महादेवाला भेटायला पायऱ्या उतराव्या लागतात. मोठं व्हायला गेलेल्यानेही तिथे खालीच उतरायचं.

म्हणून सांगतो, फोटो खुशाल काढा, पदर सारखा करा, पिशवी उचला. पण कुणाला पुसायला बोट पुढे कराल, तेव्हा क्षणभर थांबा. या माणसाने माझ्यासाठी काय धरून ठेवलंय, एवढं स्वतःला विचारा. आपण पुसला तरी त्याचा गोंडा राहतोच, माउली.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!