कोळंबीच्या पित्याचा आहार



घरांत मूल झालें नाहीं कीं प्रथम सुनेकडे बोट दाखवावयाचें, ही आपली जुनी खोड. कोळंबीच्या संवर्धकालाही तीच खोड जडण्याचा संभव असतो, म्हणून आज कोळंबीच्या नराविषयीं दोन शब्द सांगणार आहें.

गोड्या पाण्यांतील मोठी कोळंबी भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या नद्यांत आढळते. केरळांतील वेंबनाड सरोवर तिच्यासाठीं प्रसिद्ध आहे. तिचीं पिल्लें मचूळ पाण्यावांचून जगत नाहींत, हें शाओ-वेन लिंग यांनीं १९६१ सालीं मलायांत शोधून काढलें आणि तिच्या शेतीची वाट मोकळी झाली.

मादीनें कात टाकली कीं नर तिच्या छातीखालीं शुक्रजंतूंचा चिकट पुंजका लावतो. कांहीं तासांतच ती अंडीं घालते; तीं बाहेर येतां येतां फलित होतात आणि सुमारें २० दिवस तिच्या पोटाखालीं राहतात. हे शुक्रजंतु पोहूं शकत नाहींत. अंड्याच्या शोधांत धांवणें त्यांना ठाऊक नसल्यामुळें त्यांची संख्या व सुदृढता यांवरच सारी भिस्त असते.

आतां आहाराकडे वळूं. कवचधारी जलचरांना कोलेस्टेरॉल स्वतःच्या शरीरांत बनवितां येत नाहीं. तें अन्नांतूनच मिळावें लागतें. शुक्रजंतूंच्या आवरणांतील नाजूक स्निग्ध द्रव्यें प्राणवायूच्या योगानें लवकर बिघडतात. ई व क जीवनसत्त्वें त्यांचें रक्षण करितात. नदींतील नराला किडे, गोगलगायी, वनस्पति असें नाना तऱ्हेचें अन्न मिळतें. हौदांतील नराच्या वांट्याला रोज तेंच कोरडें खाद्य येतें. तें फार दिवस सांठविलेलें असेल तर त्यांतील क जीवनसत्त्व बरेंचसें नष्ट झालेलें असतें.

एका नराबरोबर सामान्यतः ४-५ माद्या ठेवितात. म्हणजे एका नराच्या उपासमारीचा फटका चार-पांच माद्यांच्या अंड्यांना बसूं शकतो. फलित न झालेलीं अंडीं २-३ दिवसांत गळून पडतात आणि संवर्धक बिचारा मादीच बदलतो! जाणते लोक गोळीखाद्याच्या जोडीला आठवड्यांतून दोनदां तरी माकूल किंवा यकृताचे तुकडे नर व मादी या दोघांनाही घालतात.

पाण्याची शुद्धता व हौदांतील गर्दी यांकडेही लक्ष हवें, हें खरें. तथापि अंडीं गळलीं तर मादीला दोष देण्यापूर्वीं नराच्या ताटांत काय पडतें, तें एकदां अवश्य पाहावें.